दप्तर कोणाचे आणि नोंद कोणाची?

जुनी कागदपत्रे, नियतकालिके, छायाचित्रे आणि ध्वनिफिती संगणकावर आणण्याच्या कामाला आज मोठी प्रतिष्ठा प्राप्त झाली आहे. शासनाची खाती, विद्यापीठे, परदेशी प्रतिष्ठाने आणि खाजगी संस्था या कामात उतरल्या आहेत. हे काम करणारी माणसे तयार करण्यासाठी अभ्यासक्रम निघाले, नियमावल्या निघाल्या, घरबसल्या शिकता येतील अशा पाठमाला निघाल्या. जे दप्तरखान्यात बंद होते ते आता सर्वांना खुले झाले, ज्ञानाची मक्तेदारी संपली, अशी भाषा सर्रास ऐकू येते. दलित चळवळीतील प्राध्यापक आणि विद्यार्थीही या उत्साहात सामील झाले आहेत. आपल्याकडचे जुने अंक, पत्रके, परिषदांची छायाचित्रे लवकरात लवकर स्कॅन करून टाकावीत, म्हणजे आपला इतिहास वाचला, असा एक समज त्यातून रूढ होत आहे.

या समजाची चिकित्सा मला आवश्यक वाटते. स्कॅनिंगला माझा विरोध नाही. वाळवीने खाल्लेला कागद परत येत नसतो. तो जाण्यापूर्वी त्याचे चित्र काढलेच पाहिजे. परंतु कागदाचे चित्र काढले म्हणजे कागदामागची व्यवस्था बदलली असे होत नाही. चित्र काढल्यावर कोणीतरी त्याला नाव देतो, त्याचा विषय ठरवतो, कर्ता कोण ते लिहितो, चार ओळींची माहिती जोडतो. संगणकाच्या परिभाषेत या माहितीला 'मेटाडेटा' म्हणतात. आपण साधा शब्द वापरू : नोंद. आणखी पन्नास वर्षांनी एखाद्या विद्यार्थ्याला तो कागद सापडेल की नाही, हे प्रामुख्याने या नोंदीवर अवलंबून राहणार आहे. म्हणून अभिलेखपालांच्या प्रशिक्षणाकडे, तसेच स्मारके, संग्रहालये, प्रदर्शने आणि मुलाखती यांतून लोकांसमोर इतिहास मांडणाऱ्यांच्या प्रशिक्षणाकडे मी एकच प्रश्न घेऊन पाहतो : नोंद कोण करतो, कोणत्या भाषेत करतो आणि ती तपासण्याचा अधिकार कोणाला आहे?

१. हद्द दाखवणारा आणि हद्द लिहिणारा

हा प्रश्न आपल्याकडे संगणकाबरोबर आलेला नाही. गावगाड्यात शिवाराची हद्द ज्याला पावलापावलाने ठाऊक होती तो माणूस महार होता. दोन गावांत सीमेचा तंटा उभा राहिला की हद्द दाखवण्यासाठी त्याला पुढे घालीत. त्याच्या साक्षीला वजन असे. परंतु त्या साक्षीचा कागद कुलकर्णी लिहीत असे. जमिनीचे ज्ञान एकाचे आणि लेखणी दुसऱ्याची, अशी ही विभागणी होती. पुढे ज्ञान विसरले गेले, कागद उरला आणि कागदालाच पुरावा म्हणण्यात आले. महात्मा फुल्यांनी 'ब्राह्मणांचे कसब' (१८६९) आणि 'शेतकऱ्याचा असूड' (१८८३) या ग्रंथांत कुलकर्ण्याच्या लेखणीवर जो प्रहार केला, त्याचे मर्म हेच होते. निरक्षर माणसाला लुबाडण्यासाठी काठी लागत नाही, नोंद पुरते, हे त्यांनी ओळखले होते.

मुंबईचे पुराभिलेखागार १८२१ सालापासूनचे आहे. पुण्याच्या पेशवे दप्तरात मोडी कागदांचे प्रचंड भांडार आहे. आपला माणूस या कागदांत नाही असे कोणी म्हणेल तर ते खरे नव्हे. तो तेथे आहे आणि पुष्कळ आहे. पण तो कसा आहे? वेठीला धरलेला म्हणून आहे, विटाळाच्या तक्रारीत आहे, वतनाच्या तंट्यात आहे, गुन्ह्याच्या तपासात आहे. व्याकरणाच्या भाषेत सांगायचे तर तो या वाक्यांतले कर्म आहे. कर्ता क्वचितच आहे.

अभिलेखशास्त्राच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात उगमाचे तत्त्व सुरुवातीलाच शिकवतात. ज्या कचेरीत किंवा ज्या व्यक्तीकडे कागद निर्माण झाले, त्यांचा संच तिच्याच नावाने ठेवावा, तो फोडू नये, त्याचा मूळ क्रम मोडू नये. हे तत्त्व शास्त्रीयदृष्ट्या योग्यच आहे. क्रम मोडला तर कागदाचा अर्थच हरवतो. परंतु त्याचा सामाजिक परिणाम असा की, वतनासाठी अर्ज करणारा माणूस, त्याच्या बाजूने अंगठा देणारे दहा जण आणि ज्यांच्या श्रमावर तो सगळा व्यवहार उभा होता ते लोक या कागदांचे निर्माते ठरत नाहीत. निर्माता ठरतो तो मामलेदार. संगणकावर नोंद चढवताना 'निर्माता' या रकान्यात कचेरीचे नाव जाते आणि शोधणाऱ्याला कचेरीच सापडते.

हा केवळ पांडित्याचा वाद आहे असे कोणी समजू नये. महार वतन १८७४ च्या वतन कायद्याने जखडलेले होते. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात त्या कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. कनिष्ठ ग्रामवतने रद्द होण्यासाठी १९५८ चा कायदा यावा लागला. त्या जमिनींचे तंटे मात्र अजून कचेऱ्यांत आणि न्यायालयांत चालू आहेत. ज्या कुटुंबाला आपल्या आजोबा-पणजोबांची नोंद सापडते ते लढू शकते. ज्याला सापडत नाही ते गप्प बसते. दप्तराचा प्रश्न हा अशा रीतीने पोटाचाही प्रश्न आहे.

२. आपले दप्तर कोणी राखले?

'मूकनायक' ३१ जानेवारी १९२० रोजी निघाले. त्याची जाहिरात पैसे देऊ करूनही 'केसरी'ने छापली नव्हती. 'बहिष्कृत भारत' १९२७ साली सुरू झाले, 'जनता' १९३० साली. आणि १९५६ साली 'जनता'चे 'प्रबुद्ध भारत' झाले. ही पत्रे हलक्या कागदावर, अपुऱ्या पैशात, वर्गणीदारांची विनवणी करीत निघत होती. ज्यांच्या घरात ती येत, त्यांच्या घराला पावसाळ्यात धड छप्पर नव्हते. अशा स्थितीत ती टिकली, याचे श्रेय कोणत्या दप्तरखान्याला द्यायचे?

ते श्रेय व्यक्तींना द्यावे लागते. चां. भ. खैरमोडे यांनी आयुष्यभर कागद जमवले; त्यांच्या आंबेडकर चरित्राचा पहिला खंड १९५२ साली आला. वसंत मून यांनी बाबासाहेबांच्या अप्रकाशित लेखनाचा पाठपुरावा केला आणि १९७९ साली शासनाच्या ग्रंथमालेचा पहिला खंड प्रसिद्ध झाला. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांच्या मुलाखती घेतल्या आणि १९८९ साली 'आम्हीही इतिहास घडवला' हा ग्रंथ दिला. यांपैकी कोणीही अभिलेखशास्त्राची पदविका घेऊन या कामाला लागलेले नव्हते. प्रस्थापित प्रशिक्षणाच्या व्याख्येप्रमाणे ही सगळी मंडळी हौशी ठरतात. मला असे वाटते की, ज्या शास्त्राच्या व्याख्येत खैरमोडे आणि मून बसत नाहीत, त्या शास्त्राने आपली व्याख्या तपासून पाहावी.

शासनाच्या ग्रंथमालेची कथा आणखी एक गोष्ट शिकवते. १९८७ साली 'रिडल्स इन हिंदुइझम' असलेला चौथा खंड आला. राम आणि कृष्ण यांच्यावरील प्रकरणावरून वादळ उठले, मोर्चे निघाले, प्रतिमोर्चे निघाले. शेवटी ते प्रकरण राहिले, पण त्यातील मतांशी शासन सहमत नाही अशा आशयाची तळटीप त्याला जोडण्यात आली. मूळ मजकुराला कोणी हात लावला नाही. फक्त एक ओळ जोडली. माझ्या विद्यार्थ्यांना मेटाडेटा म्हणजे काय हे सांगताना मी याच ओळीचे उदाहरण देतो. मजकूर कोणाचाही असो, त्याला ओळ जोडण्याचा अधिकार ज्याच्याकडे, त्याचे वजन मजकुरावर पडतेच. शिवाय केवळ छापण्याचा निर्णय झाला म्हणून काम भागत नाही, हेही याच ग्रंथमालेने दाखवले. या खंडांची छपाई रखडल्याच्या बातमीची दखल २०२१ साली मुंबई उच्च न्यायालयाला स्वतःहून घ्यावी लागली.

३. चित्र आणि मजकूर

आता प्रत्यक्ष तंत्राकडे वळतो. कारण तंत्राला बाजूला ठेवून केलेली टीका पोकळ असते. स्कॅन केलेले पान हे संगणकाच्या दृष्टीने एक चित्र असते. त्यातली अक्षरे संगणकाला वाचता यावीत म्हणून अक्षर ओळखणारी साधने वापरावी लागतात. 'टेसरॅक्ट' नावाचे असे एक साधन फुकट मिळते आणि ते मराठीही ओळखते. पण नव्या, स्वच्छ छपाईवर ते जसे चालते तसे खिळ्यांनी जुळवलेल्या, शाई फुटलेल्या, मात्रा तुटलेल्या जुन्या पानांवर चालत नाही. अनुस्वार आणि रेफ नेमके हरवतात.

त्यात पुन्हा लेखनाचा प्रश्न आहे. मराठी लेखनाचे आजचे नियम १९६२ पासूनचे. त्यापूर्वीच्या छपाईत 'नाहीं', 'कांहीं', 'आपणांस' अशी रूपे आहेत. आजचा विद्यार्थी आजच्या लेखनाप्रमाणे शब्द टाकतो आणि उत्तर येते : काही सापडले नाही. तो समजतो की तेथे काही नव्हतेच.

सर्वांत मोठी अडचण शब्दांची आहे. 'दलित' हा शब्द टाकून कोणी १९२० सालचे अंक शोधू लागला तर त्याच्या हाती फारसे लागणार नाही. त्या काळाचे शब्द 'बहिष्कृत' आणि 'अस्पृश्य' हे आहेत. फुल्यांकडे जायचे तर 'अतिशूद्र' हा शब्द हवा. सरकारी कागदांत आणखी निराळे शब्द आहेत. काँग्रेसी कागदांत 'हरिजन' आहे. १९५६ नंतर 'बौद्ध' आणि 'नवबौद्ध' आहेत. जुन्या लष्करी आणि गावच्या कागदांत तर पुष्कळदा जात लिहिलेलीच नसते. नावाच्या शेवटचा 'नाक' ती सांगतो. भीमा कोरेगावच्या स्तंभावरील नावे वाचताना आपण त्या 'नाक'वरूनच आपली माणसे ओळखतो. हे ओळखणारा डोळा आपल्या वस्तीत कोणत्याही आजोबाला आहे, यंत्राला नाही. आणि ज्याला आपण नोंदीसाठी बसवतो त्या तरुण पदवीधरालाही तो आपोआप मिळत नाही.

याचा अर्थ असा की, शब्दांची एक जोडसूची तयार करावी लागेल : एका शब्दाखाली शोधले तर त्याचे सर्व ऐतिहासिक पर्याय दाखवणारी. पण असे करताना मूळ कागदातला अवमानकारक शब्द पुसायचा नाही. तो शब्द हाच अत्याचाराचा पुरावा आहे. मूळ शब्द मजकुरात जसाच्या तसा राहावा आणि विषयाच्या रकान्यात माणसांनी स्वतःसाठी स्वीकारलेला शब्द यावा. हा तांत्रिक तपशील वाटेल. पण नामांतराची चळवळ केलेल्या समाजाला नावाचे महत्त्व मी सांगायला नको.

४. 'आणि इतर'

नोंदीच्या रकान्यांची एक जगमान्य पद्धत आहे, तिला 'डब्लिन कोअर' म्हणतात. १९९५ पासून ती विकसित झाली. तिच्यात १५ रकाने आहेत : शीर्षक, निर्माता, विषय, दिनांक, भाषा, हक्क इत्यादी. पद्धत सोपी आहे, लवचीक आहे आणि शिकायला एक दिवस पुरतो. म्हणूनच प्रशिक्षणात ती प्रथम शिकवतात. दोष रकान्यांत नाही. ते भरण्याची जी सवय लावली जाते, तिच्यात तो आहे.

चळवळीतील कोणतेही जुने छायाचित्र घ्या. मध्यभागी पुढारी, बाजूला चार ओळखीचे चेहरे, मागे पंचवीस-तीस माणसे, एका कडेला डोक्यावर पदर घेतलेल्या स्त्रिया. नोंद काय होते? पुढाऱ्याचे नाव, 'आणि इतर'. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला लाखो माणसांनी धर्मांतर केले. त्या दिवसाच्या छायाचित्रांत ती माणसे 'जनसमुदाय' या एका शब्दात मावतात. ज्या चळवळीने माणसाला माणूस म्हणून उभे केले, तिच्याच नोंदीत माणूस 'इतर' राहावा यासारखी विसंगती नाही. आणि हा दोष सवर्ण अभिलेखपालाच्या माथी मारून आपल्याला मोकळे होता येणार नाही. आपल्या स्वतःच्या स्मरणिका उघडून पाहा. तेथेही हीच पद्धत आहे. पवार आणि मून यांच्या ग्रंथाचे मोठेपण यात आहे की, त्यांनी आपल्याच घरातल्या 'इतरां'ची दारे ठोठावली.

गाण्यांचे तेच. आंबेडकरी जलशांनी आणि पुढे भीमगीतांनी अक्षरओळख नसलेल्या माणसापर्यंत विचार नेला. या गाण्यांच्या कॅसेटी घरोघर आहेत. प्रशिक्षण घेतलेला माणूस कॅसेटीच्या वेष्टनावरून नोंद करतो. त्यावर गायकाचे नाव असते, कंपनीचे असते, गीतकाराचे असेलच असे नाही. परंतु आपल्या परंपरेत गीताच्या शेवटच्या कडव्यात कवीचे नाव गुंफलेले असते. वामनदादा कर्डकांची गाणी 'वामन' या नाममुद्रेने ओळखू येतात. म्हणजे निर्मात्याचा रकाना भरायचा तर गाणे शेवटपर्यंत ऐकले पाहिजे. ही साधी गोष्ट कोणत्याही आंतरराष्ट्रीय नियमावलीत मिळणार नाही. ती परंपरेच्या आत असलेल्या माणसालाच ठाऊक असते. नोंदीचे काम बाहेरच्या तज्ज्ञावर सोपवू नये असे मी म्हणतो ते भावनेपोटी नव्हे. आतल्या माणसाने केलेली नोंद अधिक अचूक होते, म्हणून.

५. बाहेरच्या अनुभवातून

जगात हे प्रश्न इतरांनाही पडले आहेत. कॅरिबियन समुद्रातील व्हर्जिन बेटांचा काही भाग डेन्मार्कच्या ताब्यात होता. तेथील उसाच्या मळ्यांत आफ्रिकेतून आणलेली गुलाम माणसे राबत. १९१७ साली डेन्मार्कने ही बेटे अमेरिकेला विकली. बेटांचे दप्तर काही कोपनहेगनला गेले, काही वॉशिंग्टनला. बेटांवरच्या लोकांकडे त्यांचाच इतिहास उरला नाही. जॅनेट बास्टियन यांनी २००३ साली या विषयावर ग्रंथ लिहिला आणि असे प्रतिपादन केले की, ज्यांच्याविषयी कागद लिहिले गेले ते लोकही त्या कागदांचे सहनिर्माते असतात. आपल्या मामलेदाराच्या दप्तराला हे सूत्र लावून पाहावे.

पुढे २०१७ साली, विक्रीला शंभर वर्षे होताना, डेन्मार्कच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने या दप्तराची सुमारे ५० लाख पाने संगणकावर खुली केली. घटना मोठी होती. परंतु कागद डॅनिश भाषेत आणि जुन्या गॉथिक वळणाच्या हस्ताक्षरात. बेटांवरचे लोक इंग्रजी बोलणारे. दार उघडले, पण आतले वाचता येईना. मोडी दप्तराच्या स्कॅनिंगने आपण हुरळून जातो तेव्हा ही गोष्ट आठवावी. मोडी लिपीला २०१४ साली युनिकोडमध्ये स्थान मिळाले, हे चांगलेच झाले. पण मोडी वाचणारी माणसे आपल्यातून तयार झाली नाहीत, तर कुलकर्ण्याची लेखणी फक्त कागदावरून पडद्यावर येईल. आपल्या विद्यार्थ्यांनी मोडीचे वर्ग गाठले पाहिजेत. ज्या लिपीने आपल्याला बांधले ती वाचता येणे हे मुक्तीचेच साधन आहे.

दुसरे उदाहरण ऑस्ट्रेलियातील वारुमुंगु या आदिवासी समाजाचे. त्यांच्यासोबत 'मुकुर्तु' नावाची एक संगणकीय प्रणाली विकसित झाली. तिच्यात कोणते चित्र कोणी पाहावे, कोणते फक्त स्त्रियांनी, कोणते फक्त त्या कुळातील माणसांनी, हे समाज ठरवतो. वसाहतवाद्यांनी ज्यांच्या पवित्र वस्तू हिरावून प्रदर्शनात मांडल्या, त्यांच्या दृष्टीने हे न्याय्यच आहे. अलीकडे प्रशिक्षणातून ही प्रणाली आदर्श म्हणून मांडली जाते. ती आपण जशीच्या तशी उचलावी असे मला वाटत नाही. आपले दुःख निराळे आहे. आपल्या गोष्टी कोणी फार दाखवल्या ही आपली तक्रार नाही. त्या दडपल्या ही आहे. बाबासाहेबांचा शब्द कुलूपबंद करून कोणाचे भले होणार? आणि 'समाज ठरवील' असे म्हणताना समाजाच्या वतीने कोण ठरवील? पुढारी, पुरुष, शहरातला शिकलेला माणूस? मूठभरांच्या हाती किल्ली देण्याचा अनुभव या देशाने पुष्कळ घेतला आहे.

तरीही या प्रणालीतून एक गोष्ट घेण्यासारखी आहे : परवानगी विचारण्याची शिस्त. अत्याचारातून वाचलेल्या स्त्रीची मुलाखत, खाजगी पत्रे, आंतरजातीय विवाह केलेल्या जोडप्याचा पत्ता, यांवर संशोधकाचा जन्मसिद्ध हक्क नाही. २०१४ साली अमेरिकेत फर्ग्युसन येथे मायकेल ब्राउन हा कृष्णवर्णीय तरुण पोलिसाच्या गोळीने मारला गेला. तेव्हाच्या आंदोलकांचे समाजमाध्यमांवरील लेखन काही अभिलेखपालांनी जपायला घेतले. त्यातून प्रश्न उभा राहिला की, इतिहासासाठी जपलेली ही यादी उद्या पोलिसांच्या हाती पडली तर? त्या अभिलेखपालांनी हा प्रश्न टाळला नाही, कामाच्या केंद्रस्थानी ठेवला. मोर्च्याची छायाचित्रे नावानिशी प्रसिद्ध करणाऱ्या आपल्या कार्यकर्त्यांनी हा विचार केलाच पाहिजे. मी वर 'इतरां'ची नावे लिहा म्हणालो आणि येथे नावे जपा म्हणतो, यात विरोध नाही. नाव नोंदवणे वेगळे आणि ते केव्हा, कोणासाठी खुले करायचे हे ठरवणे वेगळे. दुसरा निर्णय त्या माणसाला विचारून व्हावा.

६. प्रशिक्षण कसे हवे?

दिल्लीला राष्ट्रीय अभिलेखागाराची प्रशिक्षणशाळा १९७६ पासून आहे. तेथे वर्षभराची पदविका मिळते. ती घेऊन येणारे आपले तरुण वाढले पाहिजेत, यात शंका नाही. पण तालुक्याच्या गावी शिकवणारा शिक्षक किंवा वस्तीत वाचनालय चालवणारा कार्यकर्ता वर्षभर दिल्लीला राहू शकत नाही. त्याच्यासाठी काय आहे?

संगणकाच्या पडद्यावर फुकट मिळणाऱ्या पाठमालांत 'प्रोग्रॅमिंग हिस्टोरियन' ही मला सर्वांत प्रामाणिक वाटते. २००८ साली इंग्रजीत सुरू झालेली ही माला २०१७ साली स्पॅनिशमध्ये, २०१९ साली फ्रेंचमध्ये आणि २०२१ साली पोर्तुगीजमध्ये आली. तंत्राची ओळख नसलेल्या इतिहासाच्या विद्यार्थ्याला समोर ठेवून तिचे पाठ लिहिलेले आहेत, जाणकारांकडून तपासलेले आहेत. मराठी त्यांत नाही. परंतु हे पाठ अशा परवान्याखाली आहेत की, मूळ लेखकाचे नाव देऊन कोणीही त्यांचे भाषांतर करू शकतो. मग आपण वाट कोणाची पाहतो आहोत? इंग्रजी येणाऱ्या आपल्या प्राध्यापकांनी प्रत्येकी एक पाठ मराठीत आणला, उदाहरणे 'जनता'ची आणि जलशांची घातली, तरी एक पाठ्यपुस्तक उभे राहील.

मात्र या मालेसह बहुतेक अभ्यासक्रमांच्या क्रमाविषयी माझा आक्षेप आहे. ते साधनापासून सुरू होतात आणि माणसापर्यंत शेवटी, जमले तर, पोचतात. आपल्या प्रशिक्षणात हा क्रम उलटा असावा. पहिला पाठ विचारण्याचा : कागद कोणाचा, त्यात कोण आहे, कोणाला विचारले, कोणाला इजा होईल. संमतीचा कागद मराठीत, वाचून दाखवता येईल असा, आणि दिलेली संमती मागे घेण्याची सोय असलेला. दुसरा पाठ नोंदीचा : मूळ शब्द, आजचा शब्द, नावांचे पर्याय, आणि नोंद करणाऱ्याचे स्वतःचे नाव व दिनांक. नोंद आकाशातून पडत नाही. ती कोणीतरी केलेली असते, हे वाचणाऱ्याला दिसले पाहिजे. तिसरा पाठ टिकवण्याचा, आणि तोही कमी महत्त्वाचा नाही.

या तिसऱ्या पाठात फार काही अवघड नाही. प्रत्येक वस्तूच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यांतली एक दुसऱ्या गावी. म्हणजे एका पुरात किंवा एका आगीत सगळे जाणार नाही. फाइलचा ठसा काढणारी पद्धत आहे, तिला 'चेकसम' म्हणतात. वर्षातून एकदा तो ताडून पाहिला की फाइल बिघडली का ते कळते. कॅसेट तासाची असेल तर तिची प्रत काढायला तासच लागतो, आणि उत्तम दर्जाच्या एका तासाच्या ध्वनिफाइलला सुमारे २ जीबी जागा लागते. हा हिशेब करूनच काम अंगावर घ्यावे. व्हॉट्सॲपवरून छायाचित्रे पाठवून संग्रह करू नये. त्यात चित्राचा दर्जा घटतो आणि चित्र केव्हा काढले ही आतली माहितीही गळून पडते. जयंतीच्या काळात आपण हजारो छायाचित्रे अशी गमावतो.

एका नामांकित संस्थेच्या कार्यशाळेत मी हे विचार मांडले तेव्हा मला सांगण्यात आले की, अभिलेखपाल तटस्थ असावा, चळवळीच्या माणसाकडून ते होणार नाही. तटस्थतेचा हा आग्रह मला नेहमीच एकतर्फी वाटला आहे. मामलेदाराला निर्माता म्हणणारी नोंद तटस्थ आणि अर्जदाराचे नाव मागणारी नोंद मात्र पक्षपाती, हे कसे? अचूकपणा हवा, पुरावा हवा, आपल्या पुढाऱ्याविषयीचा गैरसोयीचा कागदही जपण्याचा प्रामाणिकपणा हवा. या कसोट्या मला मान्य आहेत आणि चळवळीच्या माणसाला त्या अधिक कठोरपणे लावाव्यात. आपल्यातील फाटाफुटीची पत्रके, परस्परांवरचे आरोप, फसलेले लढे हेही दप्तरात आलेच पाहिजेत. केवळ गौरव जपणारे दप्तर म्हणजे देव्हारा, आणि देव्हाऱ्यांशी आपले काय नाते आहे ते आपण जाणतो.

प्रत्येक तालुक्यात निदान दोन माणसे, त्यांतील एक स्त्री, या कामासाठी तयार झाली, तर आणखी दहा वर्षांत चळवळीचे चित्र निराळे दिसेल. ज्यांनी महाडची, नाशिकची, धर्मांतराची आठवण प्रत्यक्ष जगली, त्यांची पिढी जवळजवळ गेली. भूमिहीनांचा सत्याग्रह, पँथर, नामांतर या लढ्यांत तरुण असलेली माणसे आज वृद्ध आहेत. त्यांच्या घरातील पेट्या अजून उघडता येतात, छायाचित्रांतील चेहऱ्यांना नावे देणारे डोळे अजून शाबूत आहेत. स्कॅनर उद्या अधिक स्वस्त होईल, यंत्र उद्या अधिक चांगले वाचील. मागच्या रांगेत उभी असलेली ती बाई कोण हे सांगू शकणारा माणूस मात्र उद्या नसेल. म्हणून काम आज सुरू व्हावे आणि त्याची सुरुवात त्या मागच्या रांगेपासून व्हावी.